नवीन रिक्रूट आला की मिक्सटेप बंद करा आणि बॉलकडे बघणंही बंद करा

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधे कमिटमेंटच्या, म्हणजे शाळेतला कुठला रिक्रूट कुठल्या कॉलेजकडून खेळणार याच्या, बातम्या आपल्याकडे नेमक्या अपरात्री येतात. तिकडे पोरगा दुपारी शाळेच्या जिममधे टेबलावर चार टोप्या मांडून बसतो, त्यातली एक उचलून डोक्यावर घालतो, तेव्हा ठाण्यात रात्रीचे अडीच-तीन वाजलेले असतात. सकाळी फोन उघडला की मित्रांपैकी कुणीतरी दोन मिनिटांची मिक्सटेप (निवडक भारी शॉट्सचा व्हिडिओ) टाकून मोकळा आणि कुणीतरी "नेक्स्ट केडी", म्हणजे पुढचा केव्हिन ड्युरंट म्हणून बारसंही उरकलेलं. वाशीच्या ट्रेनमधे ऐरोली येईपर्यंत आपण त्याला एनबीएत पाठवलेलं असतं, आणि त्या पोराने अजून हॉस्टेलवर बॅगसुद्धा टाकलेली नसते.

मी परड्यूवाला, म्हणजे त्या कॉलेजच्या टीमचा फॅन. आमच्या नेरूळ-खारघर साईडला कुणाचा ना कुणाचा मामेभाऊ एमएस करायला तिकडे गेलेला असतोच, तसा माझाही गेला आणि हा नाद लावून बसला, त्यामुळे उदाहरणं थोडी त्या बाजूला झुकतील, चालवून घ्या. पद्धत ड्यूकवाल्यांना, केंटकीवाल्यांना, सगळ्यांनाच चालेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हायस्कूलमधे स्टार पोराच्या हातात कायम बॉल असतो, सगळा खेळ त्याच्याभोवती फिरतो. कॉलेजमधे पहिल्या वर्षी तोच बॉल एका बावीस-तेवीस वर्षांच्या दाढीवाल्या गार्डच्या (बॉल चालवणाऱ्या खेळाडूच्या) हातात असतो आणि आपला रिक्रूट कोपऱ्यात उभा असतो. मग ज्या कामासाठी तो फेमस झाला ते काम त्याला मिळणारच नसेल तर त्याचे ३० पॉइंट्सचे व्हिडिओ बघून काय कळणार? बॉल हातात नसताना हा पोरगा किती कामाचा आहे, ते शोधायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

स्टार आणि रँकिंग

रिक्रूटिंग साईट्स पोरांना जे स्टार देतात ते फेकून देऊ नका. "रँकिंगला काही अर्थ नसतो" म्हणणारे असतात ना, ते लगेच स्टेफ करीचं नाव घेतात. करीला मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही हे खरं, आईवडील दोघंही ज्या व्हर्जिनिया टेकमधे शिकले तिथूनही त्याला स्कॉलरशिपशिवाय वॉक-ऑन म्हणून या असं सांगितलं गेलं, शेवटी तो डेव्हिडसनला गेला. जा मोरँट तर एका कॅम्पमधे मागच्या जिममधे थ्री-ऑन-थ्री खेळत होता, मरे स्टेटचा असिस्टंट कोच काहीतरी खायला घ्यायला बाहेर आला, बॉलचा आवाज ऐकून आत डोकावला आणि हा सापडला, २०१९ ला ड्राफ्टमधे (एनबीएच्या टीम नवीन खेळाडू निवडतात तिथे) दुसरा गेला. भारी गोष्टी आहेत, मीही रंगवून सांगतो, पण अशा गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात म्हणून तर सगळ्यांना पाठ आहेत. टॉप दहातली बहुतेक पोरं पुढे जातात त्याची गोष्ट कुणी सांगत नाही कारण त्यात सांगण्यासारखं काही नसतं.

माझा हिशोब असा. एका क्लासमधे, म्हणजे एका वर्षी कॉलेजला येणाऱ्या पोरांत, फाईव्ह स्टार साधारण पंचवीस-तीस पोरांना मिळतात. पहिल्या दहातला असेल तर रँकिंगवर बऱ्यापैकी विश्वास ठेवा. दहा ते चाळीसमधे असेल तर स्वतः बघा. साठ-सत्तरच्या पुढे गेलात की ८५ वा आणि १४० वा यात फरक शोधत बसणं म्हणजे निव्वळ टाईमपास, कारण तिथपर्यंत रँकिंगवाल्यांनीही कित्येक पोरांना एखाद-दुसऱ्या वीकेंडला बघितलेलं असतं. एकाच साईटचा आकडा न घेता वेगवेगळ्या साईट्सचे एकत्र करून जो कंपोझिट काढतात तो घ्या, आणि वर्षभरात तो आकडा वर गेला की खाली आला तेही बघा. मोठ्या कॉलेजने उचलल्यावर लगेच दुसऱ्या आठवड्यात पोरगा वीस जागा वर गेला असेल तर त्या वाढीकडे मी तरी दुर्लक्ष करतो, पोरगा तोच आहे, फक्त जर्सी बदलली.

टॉप दहालाही गॅरंटी नाही बरं का. २०१५ ला स्काल लॅबिसियर केंटकीला आला तेव्हा क्लासमधे पहिल्या-दुसऱ्या नंबरवर होता, पहिल्या वर्षी सरासरी निघाली ६.६ पॉइंट्स. उंच, हात मऊ, शॉट सुंदर, पण कॉलेजच्या सेंटरने (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूने) खांदा लावला की बाजूला फेकला जायचा. आणि उलट्या बाजूला आमचा झॅक ईडी, रँकिंगमधे चारशेच्याही खाली, पुढे २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा देशातला बेस्ट प्लेअर, राल्फ सॅम्पसननंतर तसं कुणाला जमलं नव्हतं. ईडीवर परत येतो.

फुल गेम कुठला बघायचा आणि कसा

मिक्सटेपमधे चुकलेला शॉट नसतो, डिफेन्स नसतो, आणि समोरचा गार्ड बहुतेक वेळा पाच फूट आठ इंचाचा कुणीतरी गरीब पोरगा असतो जो पुढे अकाउंटंट होणार आहे. ती एकदा बघा, एन्जॉय करा, आणि सोडा.

फुल गेम शोधा. यूट्यूबवर बऱ्याच सापडतात, नाव आणि शाळेचं नाव टाकून लांबी वीस मिनिटांच्या वर असा फिल्टर लावा. त्यातही शक्यतो उन्हाळ्याच्या सर्किटच्या घ्या, म्हणजे नायकीची ईवायबीएल लीग, आदिदासची, अंडर आर्मरची. तिथे समोर पण त्याच लेव्हलची पोरं असतात आणि शॉट क्लॉक (ठराविक सेकंदांत शॉट मारायचं बंधन) असतो. जुलैमधे साउथ कॅरोलायनात नॉर्थ ऑगस्टाला पीच जॅम नावाची स्पर्धा होते, त्यातली एखादी क्लोज मॅच मिळाली तर सोनं. हायस्कूलची मॅच बघायचीच असेल तर त्याच्यापेक्षा तगड्या टीमविरुद्धची किंवा हरलेली बघा, ४० पॉइंट्सनी जिंकलेली काही सांगत नाही.

आता बघायची कशी. फोनवर नको, लॅपटॉपवर लावा, शेजारी वही ठेवा. आणि बॉलकडे बघायचंच नाही. हे सुरुवातीला जाम कठीण जातं कारण डोळे आपोआप बॉलमागे पळतात, पण पहिली दहा मिनिटं फक्त त्या एका पोराकडे बघायचं, बॉल कुठेही असू दे.

एक पझेशन, म्हणजे एका टीमचा एक अटॅक, सांगतो म्हणजे कळेल. समोरची टीम अटॅक करतेय, बॉल उजवीकडे आहे, पिक अँड रोल चालू आहे. आपला पोरगा डाव्या कोपऱ्यातल्या शूटरला धरून आहे, म्हणजे वीक साईडला. त्यांचा उंच पोरगा स्क्रीन लावून (आपल्या डिफेंडरची वाट अडवून) रिंगकडे धावतो. आता आपल्या पोराने काय करायला पाहिजे? दोन पावलं आत यायचं, त्या धावणाऱ्याला छाती लावायची, आणि बॉल कोपऱ्यात गेला की परत धावत जाऊन शूटरसमोर हात वर करून थांबायचं. एवढ्या तीन सेकंदांत सगळं दिसतं. पहिलं, त्याची मान फिरते का, म्हणजे तो बॉल आणि आपला माणूस दोघांना बघत राहतो का नुसताच बॉलकडे टक लावून उभा असतो. दुसरं, आत येतो ते वेळेत येतो का पास गेल्यावर येतो. तिसरं, परत धावताना शेवटची दोन पावलं छोटी करून ब्रेक लावतो का सुसाट जाऊन शूटरच्या पलीकडे उडून जातो, आणि शूटर आरामात एक ड्रिबल टाकून आत घुसतो. ही शेवटची छोटी पावलं मला सगळ्यात जास्त आवडतात कारण ती टॅलेंटने येत नाहीत, कुणीतरी रोज ओरडून ओरडून शिकवलेलं असतं आणि पोराने ऐकलेलं असतं.

असं एक हाफ बघा. वहीत फक्त तीन कॉलम: वेळेत, उशिरा, आलाच नाही. पहिल्या पाच-सहा मिनिटांत बोअर होईल, मग एकदम नादच लागतो.

त्याच मॅचमधे बॉल हरवल्यावर काय करतो तेही बघा. मागे धावतो का दोन्ही हात पसरून रेफरीकडे बघतो? बदली झाल्यावर बेंचवर कुठे बसतो, टाइमआउटला कोच बोलत असताना नजर कुठे असते? कॅमेरा कोपऱ्यात ट्रायपॉडवर लावून ठेवलेला असतो अशा व्हिडिओत हे सगळं दिसतं, टीव्हीवाल्या मॅचमधे दिसत नाही, कारण टीव्हीवाले तेव्हा डंकचा रिप्ले दाखवत असतात. त्या ट्रायपॉडवाल्या व्हिडिओत कुणाची तरी आई पूर्ण मॅचभर "बॉक्स आउट" म्हणून किंचाळत असते, आवाज कमी ठेवा.

शूटिंग: थ्री सोडा, फ्री थ्रो बघा

यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात म्हणून जरा सावकाश सांगतो.

हायस्कूलची थ्री पॉइंट लाईन १९ फूट ९ इंचांवर असते. कॉलेजची २०१९ पासून २२ फूट पावणेदोन इंच. म्हणजे पोरगा अडीच फूट मागे जाणार, समोरचा डिफेंडर दोन-तीन इंच उंच असणार आणि अर्धा सेकंद लवकर पोचणार. वर हायस्कूलचा आकडा असतो कितीचा? समजा सीझनमधे ८० थ्री मारले. ३२ गेले तर ४० टक्के, "स्नायपर आहे भाऊ". २८ गेले तर ३५ टक्के, "ठीकठाक आहे". फरक किती, चार बॉल. रिमला लागून आत गेले का बाहेर, एवढाच. त्यावरून पोराचं भविष्य ठरवायचं म्हणजे कमालच.

फ्री थ्रो मात्र सगळीकडे १५ फुटांवरूनच, समोर कुणी नाही, घाई नाही. हाताची चाल चांगली आहे का हे तिथे स्वच्छ दिसतं. माझं ढोबळ माप: ८० टक्क्यांच्या वर असेल आणि थ्री ३१ टक्के असेल तरी मी टेन्शन घेत नाही, एक-दीड वर्षात शॉट येईल असं धरतो. ७० ते ८० मधे असेल तर व्हिडिओ बघून ठरवतो. ६० च्या खाली असेल आणि कुणी म्हणत असेल की तो शूटर आहे, तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. अर्थात फ्री थ्रो पण किती मारलेत ते बघायचंच, वीस मारून ९० टक्के म्हणजे काहीच नाही.

आणि कुठले थ्री मारतो? पायावर उभा राहून, पास आला की मारला, असे किती? का सगळे स्वतः ड्रिबल करत, मागे सरकत मारलेले? दुसऱ्या प्रकारचे मिक्सटेपला छान दिसतात पण पहिल्या वर्षी कोच त्याला तसा शॉट मारूच देणार नाही, मारला की बेंच.

उंची, हात, वय

लिस्टवरची उंची शूजसकट असते आणि वर कॉलेजवाल्यांचं प्रेम. एनबीएने २०१९ मधे बूट काढून मोजायचा नियम केला तेव्हा किती जण अचानक इंचभर आखूड झाले ते आठवत असेल. त्यामुळे सहा-नऊ लिहिलंय तर सहा-साडेसात धरून चाला. त्यापेक्षा विंगस्पॅन कुठे मिळतो का बघा. साधारण माणसाचे पसरलेले हात उंचीएवढेच भरतात. कवाय लेनर्ड साडेसहा फुटांच्या थोडा वर, हात सात फूट तीन इंच, म्हणून तो स्वतःपेक्षा मोठ्यांना धरू शकतो. आकडा मिळाला नाही तर उभ्या फोटोत बघा की हाताची बोटं मांडीवर कुठपर्यंत येतात, फार शास्त्रीय नाही पण अंदाज येतो.

वयाकडे आपले लोक बघतच नाहीत याचं मला नवल वाटतं, कारण वयाची भानगड आपल्याइतकी कुणाला माहिती असणार, अंडर-१४ च्या मॅचला मिशी फुटलेला सेंटर उतरलेला आपण सगळ्यांनी बघितलाय. तिकडे चोरी नसते, पण एकाच क्लासमधे सतरा वर्षांचा आणि जवळजवळ एकोणीस वर्षांचा असे दोघं असू शकतात. कुणी प्रेप स्कूलला एक वर्ष जास्त काढतो, कुणी रिक्लासिफाय करून वर्षभर आधीच कॉलेजला येतो. कूपर फ्लॅग डिसेंबर २००६ चा, एक वर्ष आधी ड्यूकला आला, पहिली मॅच खेळला तेव्हा सतराचा होता. त्या वयात कॉलेजच्या पोरांना पुरून उरला म्हणून तो २०२५ ला ड्राफ्टमधे पहिला गेला. पण लवकर येणं प्रत्येकाला झेपतं असं नाही, एमोनी बेट्सही असाच वर्ष आधी मेम्फिसला आला, नाव तर फ्लॅगएवढंच गाजलेलं, पण जमलं नाही, दुसऱ्या वर्षी ईस्टर्न मिशिगनला गेला आणि ड्राफ्टमधे ४९ वा निघाला. म्हणून जन्मतारीख शोधा, आणि सतरा वर्षांचा असेल तर पहिल्या वर्षाच्या अपेक्षा सरळ अर्ध्या करा.

वयासारखीच दुसरी गोष्ट, खेळायला लागून किती वर्षं झाली. ईडी दहावीपर्यंत आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा. सात फूट चार इंच उंची आणि बास्केटबॉलचा अनुभव जेमतेम तीन-चार वर्षांचा, हे त्याच्या चारशे-कितीव्या नंबरमधे दिसत नव्हतं. परड्यूला पहिल्या वर्षी १५ मिनिटांच्या आसपासच खेळला, पण तेवढ्यात जवळपास ९ पॉइंट्स काढायचा. असा पोरगा दिसला की आज तो कुठे आहे यापेक्षा गेल्या वर्षीपेक्षा किती पुढे आलाय ते बघा, त्यासाठी दोन वेगळ्या सीझनच्या मॅचेस लागोपाठ लावा.

आणि अँथनी डेव्हिसचा प्रकार. शाळेत तो गार्ड होता, मग दीड वर्षात सात-आठ इंच वाढला, पण गार्डची ड्रिबल आणि नजर तशीच राहिली, २०१२ ला केंटकी चॅम्पियन. आपल्याकडे बरोब्बर उलटं चालतं. डीएसओच्या (जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या) मॅचेस बघायला कधी गेलात तर बघा, आठवीतला पोरगा पाच-अकरा झाला की त्याला रिंगखाली उभं करतात, ड्रिबल केली की सर ओरडतात "पास कर, पास कर", आणि तो पुढे पाच-अकराच राहिला की ना धड सेंटर ना धड गार्ड. म्हणून उंच रिक्रूट बघताना मी विचारतो की हा लहानपणापासून उंच होता का अलीकडे वाढला. अलीकडे वाढला असेल तर मला जास्त इंटरेस्ट.

आकडे कुठले

पॉइंट्स पर गेम शेवटी बघा, नाही बघितले तरी चालेल. कारण ते शाळेवर अवलंबून असतं. मॉन्टव्हर्ड शाळेची २०२३-२४ ची टीम घ्या, ३३ पैकी ३३ जिंकली, आणि त्यातली चार पोरं, फ्लॅग, डेरिक क्वीन, एसा न्यूवेल, लियाम मॅकनीली, २०२५ च्या एकाच ड्राफ्टमधे पहिल्या राउंडला गेली. तिथे कोण ३० मारणार? आणि छोट्या गावातल्या शाळेत ३० मारणाऱ्याच्या बाजूला बाकी चार जण फुटबॉल सीझन संपला म्हणून आलेले असतात.

स्टील (हिसकावलेले बॉल) आणि ब्लॉक (अडवलेले शॉट) बघा. दोन्हींची बेरीज. हातांचा वेग, अंदाज, उडी हे सगळं त्यात येतं आणि लेव्हल बदलली तरी ते बऱ्यापैकी टिकतं. असिस्ट (ज्या पासवर बास्केट झाली तो) आणि टर्नओव्हर (घालवलेला बॉल) बघा पण जरा समजून, टर्नओव्हर जास्त म्हणजे पोरगा वाईट असं नाही. करीची डेव्हिडसनसाठी पहिलीच मॅच, ईस्टर्न मिशिगनविरुद्ध, तब्बल १३ टर्नओव्हर. दुसऱ्या मॅचला मिशिगनविरुद्ध ३२ पॉइंट्स. बघायचं काय तर टर्नओव्हर कसला आहे. जो पास दिसला, बरोबर होता, फक्त हात चुकला, तो चालेल, पुढे सुधारतो. दोन जण अंगावर आल्यावर घाबरून उडी मारली आणि हवेत असताना कुणाला देऊ म्हणून शोधत बसला, तो नाही चालणार.

आमचा ब्रेडन स्मिथ तीन स्टारवाला, लिस्टवर सहा फूट, खरा किती देव जाणे. त्याच्या शाळेच्या मॅचेसमधे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची, डिफेंडर हलायच्या आधी पास निघालेला असायचा. २०२५ ला बिग टेनचा, म्हणजे परड्यूच्या कॉन्फरन्सचा (लीगचा), प्लेअर ऑफ द इयर. उंच पोरांसाठी अजून एक, फाऊल. कॉलेजमधे पाच फाऊलला बाहेर, शाळेत चार-चार फाऊल करणारा सेंटर बिग टेनमधे दहा मिनिटं पण टिकत नाही.

२०० मिनिटांचा हिशोब

हे करायला पाच मिनिटं लागतात आणि याने निम्मे वाद मिटतात, तरी कुणी करत नाही.

कॉलेजची मॅच ४० मिनिटांची, कोर्टवर पाच जण, म्हणजे एका टीमकडे २०० मिनिटं. कागदावर रोस्टर लिहा. कोण गेला, कोण परत येतोय, पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून) कोण आलाय. परत येणाऱ्या स्टार्टरला ३०-३२ मिनिटं द्या, पोर्टलमधून पैसे मोजून आणलेल्या सीनियरला २५-२८, कारण कोच त्याला बसवायला आणत नाही. असं करत गेलात की शेवटी फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) लोकांसाठी चाळीस-पन्नास मिनिटं उरतात आणि दावेदार तीन-चार. आता सांगा तुमचा रिक्रूट १५ पॉइंट्स कुठून मारणार?

आधी असं नव्हतं. २०१८ ला पोर्टल आलं, २०२१ पासून एक ट्रान्सफर एक वर्ष न बसता करता यायला लागली आणि त्याच वर्षी जुलैपासून एनआयएलचे (खेळाडूला स्वतःचं नाव-फोटो वापरू देण्याबद्दल मिळणारे) पैसेही सुरू झाले, तेव्हापासून कोच अठरा वर्षांच्या पोराला वाढवण्यापेक्षा बावीसचा तयार माल उचलतात. फ्लोरिडा २०२५ ला चॅम्पियन झाली तेव्हा वॉल्टर क्लेटन आयोनातून आलेला, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून, विल रिचर्ड बेलमाँटमधून. आणि त्याच वर्षी रटगर्सकडे डिलन हार्पर आणि एस बेली दोघं होते, ड्राफ्टमधे दुसरा आणि पाचवा, टीमचा रेकॉर्ड १५-१७. म्हणजे रिक्रूटबद्दल सगळे बरोबर होते, टीमबद्दल सगळे चुकले. हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

यातच कोचची सवय पण येते. काही कोच फ्रेशमनला बॉल देतात, काही आधी डिफेन्स शिक म्हणतात, काही सरळ रेडशर्ट करतात, म्हणजे पोरगा वर्षभर प्रॅक्टिस करतो पण मॅच खेळत नाही आणि त्याचं एक वर्ष वाचतं. आमच्याकडे ट्रे कॉफमन-रेन टॉप पन्नासच्या आसपासचा असूनही पहिलं वर्ष रेडशर्ट बसला आणि नंतर टीमचा आधार झाला. तुमच्या कोचच्या मागच्या चार-पाच वर्षांतल्या त्याच पोझिशनच्या फ्रेशमनना किती मिनिटं मिळाली ते शोधा. बार्ट टॉर्विकची साईट फुकट आहे, तिथे सगळं सापडतं. केनपॉमला पैसे लागतात, कुणीतरी एकाने घ्या आणि बाकीच्यांनी त्याला वडापाव द्या.

आपला पोरगा असेल तर

भारतातलं कुणी डी१ ला (कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनला) गेलं की आपण सगळे वेडे होतो, झालंच पाहिजे. सतनाम सिंग २०१५ ला ५२ व्या नंबरला ड्राफ्ट झाला तो कॉलेज न खेळताच, आयएमजी अकॅडमीतून थेट. अमान संधू एनबीए अकॅडमी इंडियातून पुढे जाऊन २०२२ ला स्कॉलरशिपवर मॉनमथला गेला. पण प्रेम बाजूला ठेवून त्यालाही तीच वही लावा, वेळेत, उशिरा, आलाच नाही. नुसता "सात फूट आहे" हा मुद्दा कॉलेजमधे पुरत नाही, सात फुटाचा बाजूला सरकतो कसा ते बघावं लागतं, कारण समोरचा कोच पहिल्या मिनिटापासून त्यालाच पिक अँड रोलमधे ओढणार.

लिहून ठेवा

ऑक्टोबर संपायच्या आत एक शीट करा. प्रत्येक रिक्रूटसाठी तीनच गोष्टी: सरासरी किती मिनिटं खेळेल, कुठल्या एका कामासाठी कोच त्याला उतरवेल, आणि कितव्या वर्षी स्टार्टर होईल. "भारी आहे", "सिलिंग हाय आहे" असलं लिहायचं नाही, त्याचा नंतर हिशोब लागत नाही. मित्रांनीही लिहायचं, आणि नंतर बदलता येणार नाही असं लॉक करायचं, नाहीतर फेब्रुवारीत प्रत्येक जण म्हणतो मी तर आधीच सांगितलेलं.

सीझन नोव्हेंबरच्या सुरुवातीला चालू होतो. तिकडची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला, म्हणजे ऑफिसला निघायच्या आधी पहिला हाफ आरामात होतो, आणि शनिवारी दुपारची मॅच आपल्याकडे रात्री साडेदहाला, ती तर मस्तच. नोव्हेंबरमधे छोट्या कॉलेजांना ३०-४० नी धुतात त्यावरून काही ठरवू नका. डिसेंबरमधल्या मोठ्या मॅचेस आणि मग जानेवारीत कॉन्फरन्स चालू झाल्यावर दुसऱ्याच्या जिममधे, बघायचं एवढंच की फरक पाच पॉइंट्सच्या आत असताना शेवटच्या चार मिनिटांत तो कोर्टवर आहे का. असेल तर कोचला त्याच्या डिफेन्सवर भरवसा आहे, मग त्याने त्या दिवशी चार पॉइंट्स मारले असले तरी चालतील. नसेल तर कुठल्या पझेशननंतर बाहेर काढला ते मागे करून बघा, बहुतेक वेळा उशिरा आलेला किंवा न आलेला क्लोजआउट (शूटरकडे परत धावून जाणं) सापडतो.

जानेवारीच्या मध्यात फ्रेशमन थकतात, शॉट आखूड पडायला लागतात, रिमच्या पुढच्या कडेला लागतात. शाळेची मॅच ३२ मिनिटांची असते आणि समोर रोज अशी दांडगी पोरं नसतात, त्यामुळे हे होतंच, तेवढ्यावरून लगेच शीटवर लाल रंग मारू नका. मार्चमधे टूर्नामेंटच्या आधी शीट उघडा, प्रत्येकाची मिनिटं आणि काम टॅली करा, आणि कोण पोर्टलमधे जाईल याचा अंदाज शेजारच्या कॉलममधे टाका. ज्याला दहाच्या खाली मिनिटं मिळाली आणि ज्याच्या पोझिशनवरचा माणूस पुढच्या वर्षी परत येतोय तो बहुतेक निघतो. जे थांबतील त्यांच्यासाठी वहीचं नवीन पान काढा आणि एप्रिलमधे त्यांची पहिली कॉलेज मॅच आणि शेवटची कॉलेज मॅच लागोपाठ लावून परत तेच तीन कॉलम भरा.